आवाज बंद केलेलं गाणं

एकदा एक शिष्या दूरचित्रवाणीच्या स्पर्धेतून पहिल्याच फेरीत हरून गावी परतली. नाव चारुशीला, शाळेत शिकवणारी, चाळिशीला टेकलेली. हौशी गायकांच्या त्या कार्यक्रमात निवड झाली तेव्हा गावाला कोण आनंद झाला होता. परत आल्यावर मात्र तिने वृद्ध गुरुजींकडे रियाजाला जाणंच सोडलं.

महिन्याभराने एका रविवारी गुरुजी स्वतःच तिच्याकडे आले. त्याच संध्याकाळी टीव्हीवर तिचा भाग दाखवणार होते.

"हरण्याचं दुःख नाही, गुरुजी," ती म्हणाली. "पण माझ्यामागे केवढा वाद्यवृंद होता! ते दिवे, समोर भरलेलं सभागृह. आता पेटीपुढे बसलं की सगळं सुनं वाटतं. जीव तिकडेच राहिलाय."

कार्यक्रम सुरू झाला. चारुशीला पडद्यावर आली आणि गुरुजींनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"आवाज गेला वाटतं," तिचे यजमान पुढे सरसावले.

"मी बंद केलाय. असू द्या."

चारुशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदाच मिळालेलं गाणं, आणि तेही गुरुजींनी ऐकू नये? पडद्यावर तिचे ओठ हलत राहिले. गाणं संपलं तसा गुरुजींनी टीव्ही बंद केला.

"रागावलीस ना? तू उत्तम गातेस हे मला ठाऊक आहे. तुझा जीव कुठे राहिला, ते मला पाहायचं होतं. आरंभी तुझी नजर परीक्षकांवर होती. मग कॅमेऱ्यावर. चेहरा कसा आवळलेला. पण अंतऱ्यानंतर तू मागे वळलीस, त्या व्हायोलिनवाल्या गृहस्थांकडे. काय झालं होतं तिथे?"

ती आठवू लागली. "त्यांनी सुरांची एक जागा अशी घेतली, की मला पुढची ओळ सुचेना. मी थांबले. त्यांचं वाजवून होऊ दिलं. मग त्यांनी मान हलवली आणि मी उचललं."

"तेवढा वेळ तू हसत होतीस. स्पर्धा विसरली होतीस. तू झुरतेस ती त्या क्षणासाठी, पोरी. दिवे आणि सभागृह त्याला चिकटून आले, म्हणून तुला वाटलं की तेच हवं आहे. ओढ वाईट नसते. तिचा पत्ता चुकला, की माणूस वणवण करतो."

"पण गुरुजी, तसं वाजवणारं इथे कोण आहे?"

"तसं कुणी नाही," गुरुजी सरळ म्हणाले. "ते तुला आठवत राहणार. राहू दे."

तिने उठून पेटी गुरुजींसमोर ठेवली. "आज तुम्ही वाजवा."

गुरुजींची बोटं वयाने जड झाली होती. कित्येक वर्षं ते शिकवताना केवळ हाताने ताल देत. त्यांनी सूर धरला. चारुशीला गाऊ लागली. अंतऱ्यापाशी त्यांना एक जागा घ्यायची होती आणि बोटं मागे पडत होती. ती थांबली. त्यांचं वाजवून होईपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिली. व्हायोलिनची उणीव होतीच, पण तिने ती सुरात येऊ दिली. गुरुजींनी मान हलवली, आणि तिने पुढची ओळ उचलली.