कोरा उतार

हिमगडचा राजा उदयभान रोज पालखीतून डोंगरमाथ्यावर जाई आणि पायाला बांधलेल्या स्कीच्या फळ्यांवरून बर्फात घसरत खाली येई. राजकन्या चारुमती मात्र चढताना पाय मागे घसरू नयेत म्हणून स्कीखाली कातडी बांधून अर्धा दिवस स्वतः चढे.

"एवढा घाम, एवढं सामान, आणि सुख चिमूटभर! उद्या तुझ्या त्या फळ्या चुलीत जातील," राजा गरजला.

"आबासाहेब, आधी एकदा चढून तर बघा."

राजाला तसंही एका जागी बसवत नसे. तोही फळ्यांना कातडी बांधून निघाला. वाटभर धापा टाकत त्याने डोंगराला, फळ्यांना आणि लेकीला नावं ठेवली. माथ्यावर पोचतो तोच प्रधानजी पालखीतून उतरले आणि समोरच्या कोऱ्या बर्फावर घसरायला सरसावले.

"खबरदार! पहिला मी उतरणार!" राजा ओरडला.

"का बरं? प्रधानजीही वर आलेच आहेत की," चारुमती म्हणाली.

"आले कुठले? त्यांना आणलंय. मी आलोय!"

"झालं तर मग. चढण्यात काय सुख, याचा निकाल आपणच दिलात, आबासाहेब."

अशा वेळी राजे जे करतात तेच उदयभानाने केलं: काही ऐकूच आलं नाही असं दाखवून तो घाईघाईने खाली निघाला.