दहाव्या मशीनवरचा गडी

एका तालुक्याच्या गावात एक कॅफे होता. चहाचा नव्हे, कॉम्प्युटरचा. इंटरनेट तेव्हा घरात नव्हतं, ते वापरायला दुकानात जाऊन बसावं लागे. मालकाचं नाव युनूसभाई मुजावर. पाच मशीन खाली, पाच पोटमाळ्यावर. दिवसभर लोक तिथे नोकरीचे अर्ज भरत. संध्याकाळी सहा वाजले की अर्ज बंद आणि बंदुका सुरू. पडद्यावर एकमेकांना हुडकायचं, गोळी घालायची, आणि आपण मेलो की डाव संपेपर्यंत दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचं. असा तो खेळ. त्या खोलीतल्या पंख्याचा खडखडाट अजून कानात आहे, आणि माऊसमधला मळलेला गोळा पँटला पुसणारी माणसं अजून दिसतात. ते दिवस फार चांगले होते. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

युनूसभाईंची एक पद्धत होती. आलेल्या माणसाचा हात बघून ते त्याची जागा ठरवत. पक्के गडी वर, कच्चे गडी खाली. वरच्यांचा डाव वरच्यांशी, खालच्यांचा खालच्यांशी. पण कुणाला ते कधी कच्चा म्हणाले नाहीत. एखाद्याचा हात सुधारला की म्हणायचे, "खालचा माऊस बिघडलाय, तुम्ही आजपासून वर बसा." तो माणूस माऊसला नावं ठेवत जिना चढायचा.

खाली, अगदी शेवटच्या दहाव्या मशीनवर, दूध डेअरीतले कारकून श्रीपाल चौगुले बसत. वय पंचेचाळीस, चष्मा जाड, हात संथ. दुधाला फॅट कमी का लागली म्हणून दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी एक तास बंदूक धरायची, एवढंच त्यांचं सुख. पाच डावांत एखादा ते जिंकत. एकदा लागोपाठ तीन जिंकले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅफेला पेढे वाटले. पोरगी पास झाली तेव्हाही त्यांनी एवढे वाटले नव्हते.

वर धैर्यशील बसायचा. हात चपळ, नेम पक्का, तोंड त्याहून चपळ. पण त्याच्या शेजारी मंदाताई बसत, कॅफेलगतचा एसटीडी बूथ चालवणाऱ्या. दिवसभर नंबर दाबून त्यांची बोटं अशी तयार झाली होती की धैर्यशीलला प्रत्येक डावात घाम फुटायचा. तो तिनांतला एक जिंके, दोन हरे. हरला की जिन्यातून खाली डोकावायचा. खाली श्रीपालकाका चष्मा सावरत भिंतीवर गोळ्या झाडताना दिसले की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

एक दिवस तो युनूसभाईंना म्हणाला, "भाई, हे वर-खाली कशाला? सगळ्यांना एकत्र खेळवा की. ज्याच्या हातात जोर, त्यो जिंकंल."

"कुस्तीच्या मैदानात बी जोड बघूनच कुस्ती लावत्यात, धैर्यशीलराव."

"ही काय तालीम हाय व्हय? एकत्र खेळवा, न्हाईतर वरची पाचही जणं स्टँडाजवळच्या नव्या कॅफेत जातो बघा."

वरच्या बाकी चौघांना त्यानं विचारलंही नव्हतं. पण युनूसभाई घाबरले. आपलं दुकान पक्क्या गड्यांवर चालतं, असं त्यांना वाटलं. भली माणसं अशीच दमदाटीला फसतात. त्यांनी एक लांब वायर आणली आणि दहाही मशीन एका डावात जोडली.

पहिल्या संध्याकाळी धैर्यशीलनं नुसता धुमाकूळ घातला. खालून हाय हाय, वरून टाळ्या. श्रीपालकाका पडद्यावरच्या दाराबाहेर पाऊल टाकत आणि मरत. मग उरलेला डाव हाताची घडी घालून बघत. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच.

"आज हात चालंना बघा," जाताना ते युनूसभाईंना म्हणाले.

"उद्या चालंल की."

"चालवायला मिळाला, तर."

बाराव्या दिवशी ते आले नाहीत. युनूसभाईंचा जीव हळहळला. धैर्यशील म्हणाला, "गेला तर गेला. एक कच्चा गडी कमी."

पण कच्चा गडी कमी होत नसतो. तळाचा गेला की त्याच्या वरचा तळाला येतो. श्रीपालकाकांच्या आधी जो कधी मरत नव्हता, तो आता सगळ्यांच्या आधी मरू लागला. आठवड्यात तोही गेला. मग आठवा तळाला आला, मग सातवा. दोन महिन्यांत खालची मशीन अर्जांपुरती उरली आणि डावात राहिले दोघेच, धैर्यशील आणि मंदाताई.

त्या संध्याकाळी मंदाताईंनी त्याला ओळीनं अकरा वेळा मारलं. धैर्यशील रडकुंडीला आला. "मंदाताई, जरा सबुरीनं घ्या की."

"श्रीपालकाकांना तू कधी सबुरीनं घेतलंस?" मंदाताई म्हणाल्या आणि उठल्या. "मला बी आता मजा येईना, बाबा. उद्यापासनं मी न्हाई."

धैर्यशील जिना उतरून युनूसभाईंपुढे उभा राहिला. "भाई, पुन्हा जोड लावा. पयल्यासारखी."

"लावतो की," युनूसभाई म्हणाले. "कुणाशी लावू?"

दुसऱ्या दिवशी धैर्यशील डेअरीत गेला. श्रीपालकाका रजिस्टर मिटत होते. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, ताकही दिलं. मनात काही ठेवणारा माणूस नव्हता तो.

"काका, चला की परत. वायर काढून टाकतो. तुम्ही खालीच खेळा."

"आता न्हाई रं. जैन बस्तीच्या देवळामागं कट्ट्यावर कॅरम असतोय, तिकडं जातो मी."

"तिथं जिंकताय व्हय?"

"छ्या! तिथं बी हरतोच," श्रीपालकाका हसले. "पण स्ट्रायकर माझ्या हातात येतोय."

धैर्यशील ताक तसंच ठेवून उठला. कॅफेपाशी पोचला, तेव्हा युनूसभाई पोटमाळ्यावरची मशीन दोरीनं खाली उतरवत होते.

आता तोच खेळ माणसं घरबसल्या जगभरच्या लोकांशी खेळतात. जोड लावायचं काम मशीनच करतं, आणि पक्के गडी त्याच्या नावानं बोटं मोडतात. मोडोत बापडे.

तात्पर्य: कच्चा गडी हरल्यानं खेळ सोडत नाही, खेळायलाच न मिळाल्यानं सोडतो; आणि तो गेला की पक्क्याचाही खेळ फार दिवस टिकत नाही.