पालीची साक्ष

कचेऱ्यांमधल्या ट्यूबलाइटी माणसांपेक्षा जास्त कुरकुरायच्या, त्या काळची ही गोष्ट. तालुक्याच्या एका कचेरीत ट्यूबच्या पट्टीमागे एक पाल राहायची. जागा उबदार, आणि उजेडाला भुललेले किडे थेट दाराशी. पाल चांगली गलेलठ्ठ झाली होती.

एके दिवशी ट्यूब काढून तिथे एलईडी दिवा बसवला. बटण दाबताच लख्ख पेटला. ना लुकलुक, ना कुरकुर, ना ऊब. किडेही फिरकेनात. चार दिवसांत पालीचं पोट खपाटीला गेलं.

"इतका गप्प कसा रे तू? काय लपवतोयस?" तिने दिव्याला दरडावलं.

"काही नाही, मावशी. कमी विजेत उजेड देतो, एवढंच."

"लबाड असंच बोलतात," पाल पुटपुटली.

तेवढ्यात खाली टेबलाशी बसलेल्या कारकून धारपबाई डोळे चोळत म्हणाल्या, "या मेल्या दिव्याने डोळे जाणार आपले!"

बोलताना पाल चुकचुकली की बोलणं खरं, अशी त्या कचेरीत सगळ्यांची खात्री. पालीने संधी साधली. चुक् चुक् चुक्!

बाईंनी टेबलावर टकटक केली. "ऐकलंत? पालसुद्धा म्हणतेय, खरंय!"

झालं. साऱ्या कचेरीचे डोळे चुरचुरू लागले. वैतागून साहेबांनी जुनी ट्यूब परत लावायला सांगितली.

संध्याकाळी ट्यूब लुकलुकत पेटली, तशी एक पाकोळी भिरभिरत आली. पालीने तिला झटकन पकडलं.

"अगं, नवा दिवा वाईट म्हणून सांगितलं तरी कोणी?" पाकोळीने तडफडत विचारलं.

पालीला उत्तर देता येईना. तिचं तोंड भरलेलं होतं.