चारशे गायी आणि उघडं फाटक

एकदा एक वैमानिक मुलगी गुरं राखायला गेली. हे वाचून तुम्हाला वाटेल, लिहिणारीची काहीतरी गल्लत झाली. माझ्या होतातही, पण ही त्यातली नाही.

ऋजुता कुलथे मूळची कोपरगावची. विमान चालवण्याचा परवाना तिच्या हाती होता, अनुभव मात्र नव्हता. मोठ्या कंपन्यांना उड्डाणाचे शेकडो तास झालेला माणूस लागतो, आणि नवख्याला ते तास मिळतात आडरानात. म्हणून ती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका कॅटल स्टेशनवर दाखल झाली. हे स्टेशन रेल्वेचं नव्हे. आपल्या एखाद्या तालुक्याएवढं माळरान, त्यावर मोकळी चरणारी हजारो गुरं, आणि ती हुडकायला, वळवायला एक छोटंसं विमान.

पहिले दोन महिने तिने कुंपणाच्या तारा ओढल्या, इंधनाची पिंपं लोळवली, विमान धुतलं. आई फोनवर विचारायची, "अगं, विमान चालवायला गेलीस की गुरं वळायला?"

"दोन्ही, आई. सध्या दोन्हींपैकी काहीच नाही."

तिथे क्लेम नावाचा एक वृद्ध वैमानिक होता. चाळीस वर्षं त्याने याच माळावर विमान चालवलं होतं. आता दृष्टी मंदावल्याने एकट्याने उडण्याची त्याला परवानगी नव्हती. ऋजुताला तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. ती त्याला अदबीने सर म्हणायची, तर तो म्हणायचा, "सर म्हणू नकोस गं. सर म्हटलं की वाटतं, मागे कुणी इन्स्पेक्टर उभा आहे."

अखेर तिची पाळी आली. दूरच्या कुरणातल्या चारशे गायी आणि त्यांची वासरं कोंडवाड्यात आणायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तीनशे किलोमीटरवरून पशुवैद्य येणार होता, वासरांना लस टोचायला. विमानात ती एकटी. खाली मोटरसायकलवर तिघे जण. स्टेशनच्या व्यवस्थापक डोरीनबाईंनी न्याहारीच्या टेबलावरच सांगून टाकलं, "वैद्य आला आणि वासरं नसली, तर मला दुसरा वैमानिक बघावा लागेल. राग मानू नकोस."

ऋजुताने राग मानला नाही. न्याहारी मात्र अर्धी टाकून ती विमानाकडे निघाली.

विमानापाशी क्लेमने एवढंच सांगितलं, "वाटेत दोनदा थांबायचं. तासतासभर. त्या वेळात विमान लांब ने."

"हो," ती म्हणाली.

काम तिला वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. विमान खाली आणलं की गायी चालत. आणखी खाली आणलं की पळत. ती डावीकडून घिरटी घेई, कळप उजवीकडे वळे. पहिल्या थांब्याची वेळ आली तेव्हा तिने मनाशी म्हटलं, मी काही दमलेले नाही. म्हाताऱ्याने नव्या मुलीची काळजी म्हणून विश्रांती सांगितली असणार. दुसऱ्या थांब्यालाही ती दमलेली नव्हती. रेडिओवर कुणीतरी "हळू, हळू" म्हणालं. तिला वाटलं, मोटरसायकली मागे पडताहेत बिचाऱ्यांच्या.

पाचला पोहोचणं अपेक्षित होतं. दुपारी दोनला चारशे गायी कोंडवाड्यात होत्या.

शेजारच्या धावपट्टीवर विमान उतरवून ती जवळजवळ धावतच फाटकाशी आली. शाबासकी ऐकायला थोडं जवळ उभं राहावं लागतं, म्हणून क्लेमच्या अगदी बाजूला थांबली. तो मात्र गायींकडे बघत होता. गायी हंबरत होत्या, कठड्याला अंग घासत फेऱ्या मारत होत्या. कितीएकींच्या सडांतून दूध आपोआप गळून खालची धूळ भिजली होती.

क्लेमने फाटकाची साखळी काढली आणि फाटक सताड उघडलं.

आधी दहाबारा गायी बाहेर पडल्या, मग सगळा कळप. आल्या वाटेनेच त्या परत निघाल्या.

"अहो, हे काय करताय!" ऋजुता फाटक ओढायला धावली. क्लेमने हात आडवा धरला. तिने कठड्यापाशी उभ्या डोरीनबाईंकडे पाहिलं. त्या हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. "उद्याचा एक दिवस आहे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा," ऋजुताचा आवाज चिरकला. "तीन तास आधी आणल्या मी!"

"विमानात बस. उंच ने, खूप उंच. आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचता कामा नये. आणि मग नुसतं बघ."

तो तिच्या शेजारी बसला. तीन हजार फुटांवरून कळप मुंग्यांच्या रांगेसारखा दिसत होता. काही वेळाने रांगेतून एकेक गाय फुटू लागली. एक गाय एका झुडपाशी जाऊन थांबली. आसपास काहीच नव्हतं, नुसतं पिवळं गवत. विमान क्लेमच्या हाती देऊन ऋजुताने दुर्बीण डोळ्यांना लावली. गवत हललं, आणि त्यातून एक वासरू उभं राहिलं.

मग दुसरी गाय, दुसरं झुडूप, दुसरं वासरू. जणू माळानेच त्यांना जपून ठेवलं होतं.

"मला दिसली कशी नाहीत?"

"विमानाचा आवाज आला की तान्हं वासरू आहे तिथे गवताला चिकटून बसतं. मोठी वासरं आयांबरोबर धावली. ही आठ-पंधरा दिवसांची. बसून राहिली."

"पण मग त्यांच्या आया कशा पळाल्या त्यांना सोडून?"

क्लेम म्हणाला, "हाच प्रश्न मी तुझ्या वयाचा असताना विचारला होता. ऐक. गाय वासराला विसरत नाही. पण घाबरली की ती पळते, आणि पळताना ती कुणाची आई नसते, नुसतं एक घाबरलेलं जनावर असते. भीती डोक्यावरून निघून गेली, तिला घटकाभर उभं राहता आलं, की तिला आपलं दूध जाणवतं. ती मागे बघते. पुन्हा आई होते. वासराला जिथे शेवटचं पाजलं ती जागा तिला नेमकी माहीत असते. तू आणि मी दिवसभर हुडकलं तरी सापडणार नाही. आपलं काम हाकण्याचं आहे, ते तुला उत्तम जमतं. पण तिला आठवायला वेळ देणं, हेही आपलंच काम आहे. ते दोन थांबे त्यासाठी होते."

ऋजुताच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मला वाटलं, ते माझ्यासाठी होते. विश्रांतीसाठी."

क्लेम हसला, पण लगेच गंभीर झाला. "कशासाठी थांबायचं ते मी सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं एकच काम केलं की वाटतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे."

खाली एका कोरड्या ओढ्याच्या काठी एक गाय उभी होती. तिच्यासमोरचं गवत हललं नाही. ऋजुताने त्या जागेवर तीन वेळा दुर्बीण फिरवली.

"तिथे काय झालं असेल?"

"तुडवलं गेलं असेल. कधी जंगली कुत्रे नेतात." चूक दोघांपैकी कुणाची, हा विषय कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एकटीच उडाली. पहिला थांबा घेतला, दुसरा घेतला. दोन्ही वेळा विमान इतकं लांब नेलं की कळप दिसेनासा झाला, आणि तो तास तिला आधीच्या सगळ्या दोन महिन्यांहून मोठा वाटला. दुपार कलली. कोंडवाडा अजून पाच किलोमीटरवर होता आणि ती पुन्हा उंच जाऊन घिरट्या घालत थांबली होती.

रेडिओवर डोरीनबाईंचा आवाज आला. "कुठे आहेस?"

"थांबलेय."

"दोन थांबे ठरले होते. हा तिसरा कशाला?"

"एक गाय मागे बघतेय."

मग डोरीनबाई म्हणाल्या, "वैद्य उद्या सातला येतो. तोवर वेळ आहे."

सूर्य बुडता बुडता गायी आपल्या चालीने आत आल्या, वासरं त्यांच्या पोटाशी. क्लेमने फाटक लावलं, साखळी अडकवली आणि ऋजुताला विचारलं, "उद्या विमानातून पाण्याच्या टाक्या बघायला कोण जातंय, तू ना?"

घाईच्या वेळी आपल्यातही आईच्या जागी ओरडणारी, पळणारी एक बाई येते, आणि पोरं त्या वासरांसारखी आहेत तिथे चिकटून बसतात. तेव्हा मिनिटभर उभं राहावं. मला हे रोज जमतं असं नाही.