रंगरावांचा खुराक

डेअरीचे चेअरमन रंगराव यांनी फर्मान काढलं. दूध तोडलेल्या वासरांना त्यांच्याच कंपनीची पावडर घालायची, नाहीतर त्या घरचं दूध डेअरी घेणार नाही. पुरावा म्हणून त्यांनी डेअरीपुढे आपली गुबगुबीत कालवड बांधली.

"तीन महिने हिच्या तोंडात दुधाचा थेंब नाही. नुसत्या पावडरीवर वाढलीय."

दोन गाईंवर घर चालवणारी हौसाबाई पुढं आली. "जरा चाल बघू," म्हणत तिनं दावं सोडलं.

कालवड शेपूट वर करून शेजारच्या रंगरावांच्या गोठ्यात शिरली आणि गाईला लुचू लागली. गाय तिला निवांत चाटत राहिली.

"पावडर झ्याक हाय, चेअरमनसाहेब," हौसाबाई म्हणाली. "पण पिशवीला चार सड असत्यात, ते तेवढं सांगायचं ऱ्हायलं."