गव्याचा उजवा कान

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच "ए, लवकर दे" म्हणणारे आणि गिऱ्हाइकाकडे न पाहताच "नाहीये" म्हणणारे, दोघेही तुमच्याआमच्या गल्लीत राहतात. दोघे रोज एकमेकांची सकाळ नासवतात आणि घरी जाऊन सांगतात की, समोरचा फार उद्धट होता. नाव कुणाचेच घ्यायचे नाही. ज्याचे त्याला ठाऊक आहे. म्हणून, मुलांनो, ही गोष्ट मुद्दाम जंगलातली निवडली आहे. निदान ती कुणी अंगावर ओढून घेणार नाही.

त्या जंगलात नदीच्या वळणावर एक जुना उंबर होता आणि त्याच्या सावलीत साळुंक्यांचे दुकान चाले. तिथे विकायला काही नव्हते. जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी काढून देणे, एवढे एकच काम तिथे होई. सकाळचे ऊन नदीवर आले की रांग लागे. साळुंकी पाठीवर बसे, गोचीड टिपे, गिळून टाके आणि "झालं" म्हणून पुढच्या पाठीवर उडे. कुणी कुणाला दाम देत नसे, कारण ती गोचीड हाच साळुंकीचा घास. सगळी भानगड इथेच होती. जनावरांना वाटे, यांची पोटे आपल्या जिवावर भरतात, तेव्हा उपकार आपले. साळुंक्यांना वाटे, आपण नसतो तर ही बिचारी झाडांना अंग घासत बसली असती, तेव्हा उपकार आपले. दोन्हीकडून उपकारच, मग नीट बोलायचे कुणी?

या दुकानात एक गवा येत असे. अंगाने डोंगराएवढा, आणि आपल्या कळपाच्या सगळ्यांत पुढे चालण्याचा मान त्याचा. पण तीन महिन्यांपासून त्याच्या उजव्या कानात खोल कुठेतरी एक गोचीड बसली होती. कान सुजला, जड झाला आणि हळूहळू त्या बाजूचे ऐकू येईनासे झाले. परवा तर उजवीकडच्या झाडावरून वानर ओरडून ओरडून वाघाची खबर देत होते आणि हा कळपाला घेऊन थेट त्याच दिशेने निघाला होता. मागच्या गायींनी अडवले म्हणून वासरे वाचली. त्या दिवशी कळपातल्या सर्वांत वयस्कर गायीने त्याला बाजूला घेऊन सांगितले की, येत्या पौर्णिमेपर्यंत कान बरा झाला तर ठीक, नाहीतर त्याने मागे वासरांबरोबर चालावे. ती रागावली नव्हती. तेच त्याला जास्त लागले.

पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. गवा रोज दुकानात जाई आणि रोज तेच होई. साळुंक्या येत, पाठ साफ करत, पोटाखालचे टिपत आणि "झालं" म्हणून निघून जात. कानाकडे कुणी फिरकत नसे. आणि त्याच रांगेतले एक भेकर, वीतभर शिंगांचे, पाचोळा वाजला तरी दचकणारे, ते मात्र दोन्ही कान आतून लख्ख करून घेऊन टुणटुणत घरी जाई.

गव्याला राग आला होताच, पण रागापेक्षाही त्याला नवल वाटू लागले. हे भेकर देते तरी काय यांना?

त्याने विचार केला, भेकराचे रक्त गोड असेल, त्यामुळे त्याच्या गोचिडीही गोड लागत असतील. पण मग रानडुकराचे काय? त्याच्या गोचिडी गोड असतील असे त्याची आईसुद्धा म्हणाली नसती आणि त्याचेही कान साफ होते. मग वाटले, भेकर गुपचूप काही खाऊ आणत असेल. म्हणून एके दिवशी गव्याने पिकल्या करवंदांची अख्खी फांदी आणून साळुंक्यांपुढे टाकली. साळुंक्यांनी ती मजेत खाल्ली, नेहमीसारखी पाठ साफ केली आणि म्हणाल्या, "झालं." दुसऱ्या दिवशी तो पाय आपटून ओरडला, तर रोजच्यापेक्षा निम्म्या वेळातच "झालं" ऐकू आले.

आता तीनच दिवस राहिले. त्या सकाळी गवा रांगेत गेलाच नाही. बांबूच्या बेटाआड उभा राहून, डावा कान दुकानाकडे करून तो पाहत राहिला.

भेकर आले. एक म्हातारी साळुंकी त्याच्या पाठीवर उतरली. भेकराने आधी तिची चौकशी केली; काल तिचा पंख अवघडला होता म्हणे. मग आज डाव्या कानात फार खाजते आहे, असे सांगून ते म्हणाले, "आजी, शेपटी हलेल माझी. ती माशांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही." साळुंकी हसली आणि कानात शिरली. थोड्या वेळाने भेकर घाईघाईने म्हणाले, "आजी, बाहेर या, शिंक येतेय." साळुंकी फांदीवर जाऊन बसली, भेकर सगळे अंग हलवून शिंकले, साळुंकी परत आली आणि काम पुढे सुरू झाले.

एवढेच. ना खाऊ, ना वशिला. गव्याने पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, पण भेकराने काही दिल्याचे त्याला दिसले नव्हते. त्याला काही उलगडेना, आणि ज्याला एखादी गोष्ट उलगडत नाही त्याने विचारायला हवे. हे त्याला तीन महिन्यांत पहिल्यांदाच सुचले.

तो बांबूतून बाहेर आला. रांग फुटून दोन्हीकडे पांगली. "ए साळुंके," त्याने सवयीने हाक मारली. म्हातारी साळुंकी मान न वळवता म्हणाली की, रांगेतून या. गवा तिथेच थांबला. मग जमेल तेवढ्या हळू आवाजात त्याने विचारले, "माझ्या कानात कुणीच का येत नाही?"

साळुंकी आता त्याच्याकडे वळली. बहुधा इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्या पाठीऐवजी तोंडाकडे पाहत होती.

"तुमच्या कानात काम करायचं म्हणजे मला अख्खं डोकं आत घालावं लागतं," ती म्हणाली. "डोकं आत गेलं की बाहेरचं मला काही दिसत नाही. तेव्हा तुम्ही काय कराल, हे मला कसं कळायचं?"

गवा म्हणाला, की तो काय करणार, तो तर नुसता उभा असतो. तेव्हा तिने त्याला आठवण करून दिली. तीन महिन्यांपूर्वी एक साळुंकी त्याच्या कानात शिरली होती. चोच लागताच त्याने मान झटकली आणि ती शिंगावर आपटून खाली पडली. पंधरा दिवस तिला उडता येत नव्हते. गव्याने हे ऐकले आणि त्याला काहीच आठवेना. मान झटकल्याचेही नाही आणि कुणी पडल्याचेही नाही. ते आठवत नाही, याचीच त्याला लाज वाटली.

"मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?" त्याने विचारले. "मी रोज येत होतो. तुम्ही रोज 'झालं' म्हणत होता. आणि झालं तर नव्हतं."

साळुंकीने एकदा आपल्या मंडळींकडे पाहिले. त्या उगाच पंख साफ करू लागल्या.

"तुमची भीती वाटायची, हे खरं," ती शेवटी म्हणाली. "पण कान सोडून बाकीचं झालंय, एवढं फांदीवर बसूनही सांगता आलं असतं. 'झालं' म्हणणं सोपं होतं, म्हणून आम्ही तेच म्हणत राहिलो. आमचं चुकलं."

गवा गुडघे टेकून खाली बसला, हनुवटी वाळूवर ठेवली आणि म्हणाला, "हलायची वेळ आली तर मी आधी सांगेन. तुम्हीही आत काय दिसतंय ते सांगत जा."

साळुंकी थोडा वेळ त्याच्या शिंगाच्या टोकाकडे बघत राहिली. मग ती कानात शिरली. आतून तिचा आवाज आला, की गोचीड फार खोल आहे, टपोरी झाली आहे, ओढताना दुखेल. गव्याने पापण्या घट्ट मिटल्या. चोच लागली तेव्हा त्याच्या मानेच्या साऱ्या शिरा ताठ झाल्या, पाठीचे कातडे थरथरले, पण मान वाळूवरून उचलली गेली नाही. "थांबा," तो दातांतून म्हणाला. "बाहेर या. आता हलतोय." साळुंकी उडाली. गव्याने मान अशी झटकली की समोरची धूळ रांगेभर उडाली. मग त्याने पुन्हा हनुवटी टेकली. "या आता." असे तीनदा झाले. चौथ्या वेळी साळुंकी बाहेर आली ती चोचीत करवंदाएवढी गोचीड घेऊनच. या वेळी ती "झालं" म्हणाली नाही. तिने विचारले, "ऐकू येतंय का हो?"

गवा उठून उभा राहिला. नदीचे पाणी दगडांवरून वाहत होते, ते त्याला दोन्हीकडून ऐकू येऊ लागले. पलीकडच्या तीरावर कुठेतरी एक वासरू आईला हाक मारत होते. पौर्णिमेला अजून तीन दिवस होते.

त्याच्या उजव्या बाजूला, धुळीने माखलेले रानडुक्कर केव्हापासून आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते. ते स्वतःशीच पुटपुटले, अगदी हळू, पण गव्याला त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला : "एवढं बोलायचं राहिलं म्हणून हा बाबा तीन महिने बहिरा होता?"

तात्पर्य : आपले काम करणाऱ्याला आपली भीती वाटू देऊ नये आणि आपल्याकडे काम घेऊन येणाऱ्याला खोटे 'झालं' सांगू नये; सौजन्य ही दुकानाची नुसती शोभा नव्हे, त्याशिवाय कामच पुरे होत नाही.