कुपीतले तेल, दगडातले तेल

एका वृद्ध भूवैज्ञानिकाच्या हाताखाली एकदा एक शिष्या काम करीत होती. नाव शाल्मली. बुद्धी तल्लख, धीर मात्र गुंजभर. घट्ट खडकातली एक तेलविहीर राखायची की कायमची बुजवायची, हे तिच्या अहवालावर ठरणार होते.

तिने विहिरीतले तेल पोलादी कुपीत भरले, दाब हळूहळू उतरवला आणि वायूचे बुडबुडे किती दाबाला सुटतात ते टिपले. खडकातला दाब तर त्याच्याही खाली गेलेला. म्हणजे तेलातला वायू सुटला, मागे उरले ते जड, आळशी तेल, जे वर वाहून यायचे नाही. तिने लिहिले : विहीर बुजवावी.

वृद्ध सही करीनात. त्यांनी एक काचेची वाटी आणि त्याच विहिरीतल्या खडकाचा सुकवलेला तुकडा तोलला, दोन्ही दमट हवेच्या पेटीत बंद केले आणि म्हणाले, "उद्या बोलू."

"सर, तिकडे सिमेंटचे ट्रक निघायला टेकलेत आणि तुम्ही दगड भिजत घालताय?"

"ट्रकवाल्यांना चहा पाजा म्हणावं."

म्हाताऱ्यांना दुसऱ्याचा वेळ फुकटच वाटतो, असे पुटपुटत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी ठणठणीत होती. तुकडा मात्र वजनाला वाढला होता.

"यात पाणी कुठून? दव धरण्याइतकी हवा ओली नव्हतीच!"

"वाटीपुरती नव्हती," वृद्ध म्हणाले. "या दगडाची छिद्रं केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक. भिंती इतक्या जवळ आल्या की वाफ लवकर पाणी होते, आणि तेलातला बुडबुडा उशिरा सुटतो. तू तेलाला मोकळ्यात बोलावून विचारलंस, आणि उत्तर कोंडलेल्या तेलाच्या नावावर लिहिलंस."

शाल्मलीचा चेहरा उतरला, मान नाही. "पण सर, हे पाणी आहे. यावरून विहीर जिवंत आहे असंही ठरत नाही."

"नाहीच ठरत."

"मग तेल याच दगडात भरून मोजायला हवं."

"अगं, मग मी कालपासून काय टाळ कुटतोय?"

ती हसली. फोन उचलून तिने ट्रक थांबवायला सांगितले. "किती दिवस, मॅडम?" पलीकडून त्रासिक आवाज आला.

"दगड सांगेपर्यंत," ती शांतपणे म्हणाली.

अडचणीत जगणाऱ्याचे माप मोकळ्या अंगणात घेऊ नये.